दावणीचं आणि मोकाट

'व्यसन सोडायचंय, काय करू?' असं विचारणारी माणसं आमच्या बेलापुरात पावलोपावली भेटतात. त्यांतली निम्मी तर हे विचारता विचारता आपल्याकडंच चुना मागतात. पण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याला दोन पेनं अडकवून, 'मला व्यसन लावून घ्यायचंय, साधारण किती दिवस लागतात?' असं विचारायला आलेला माणूस मी एकच पाहिला. साळवेसाहेब.

मी तेव्हा पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत डोकं घालून बसलो होतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीची तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. साहेबांचा प्रश्न ऐकून मी मान वर केली तर डोकं थेट बिडाच्या बॉडीवर आपटलं. तो आवाज श्रीरामपूरपर्यंत गेला आणि स्टेशनावर बसलेली दोन माणसं गाडी आली म्हणून बाकावरून उठली. खोटं वाटत असेल तर त्या दोघांना विचारा.

"कसलं व्यसन, साहेब?"

"तंबाखूचं. तुम्ही या विषयातले जाणकार आहात, वाइंडिंग, म्हणून आलो."

साहेब मला नावानं हाक मारत नाहीत, धंद्यानं मारतात. आणि जाणकार! मला आयुष्यात कुणी जाणकार म्हटलं नव्हतं. म्हटलं तेही ह्या बाबतीत.

शांतवन साळवे हे माझे शेजारी. आमची भिंत एकच आहे. जवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी उभा जन्म केमिस्ट म्हणून काढला. दर तासाला उसाच्या रसाचं सॅम्पल घ्यायचं, तपासायचं आणि वहीत शेरा लिहायचा. कारखान्यानं साहेबांना रिटायर केलं, पण सॅम्पलला रिटायर करायचं राहून गेलं. लग्नात पंगतीला बसण्याआधी ते आचाऱ्याकडं जाऊन आमटीची तीन सॅम्पलं मागतात: पातेल्याच्या वरची, मधली आणि तळाची. रविवारी चर्चमध्ये उपदेश संपला की दारात पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन सांगतात, "सुरुवात दाट होती, मधे पाणी झालं." खिशात लिटमसच्या पट्ट्या कायम. चहात बुडवतात, ताकात बुडवतात. माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्यांनी सरबतात बुडवलेली पट्टी व्याह्यांनी केशराची काडी समजून गिळली होती. व्याही आजही त्या सरबताचं कौतुक करतात.

कुठल्याही बाबतीत साहेबांचं मत विचारा, उत्तर ठरलेलं: "सॅम्पल घेतल्याशिवाय शेरा नाही."

ह्याच वाक्यानं त्यांचा घात केला.

झालं असं की साहेबांच्या मंडळी, म्हणजे आमच्या एस्तेरबाई, मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. सकाळी उठल्यावर बोटानं दातांवर घासायची. बाई शाळेत मास्तरीण होत्या. मी चौथीत त्यांच्या हाताखाली होतो आणि माझा डावा कान उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे तो त्यामुळंच. फळ्यावर 'तंबाखू आरोग्यास घातक' हा सुविचार बाई इतक्या सुंदर अक्षरात लिहायच्या की तो वाचून एखाद्याला तंबाखूची आठवण यावी. पण मिश्री मात्र त्या दहा वर्षांच्या असताना आईच्या डबीतून लागली ती लागलीच. अख्ख्या बेलापूरला हे माहीत होतं आणि अख्खं बेलापूर गप्प होतं, कारण अख्खं बेलापूर चौथीत होतं.

दिवाळीनंतर बाईंच्या गालाला आतून पांढरा डाग दिसला. नगरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिला आणि सांगितलं, "मिश्री आजपासून बंद. गुढीपाडव्याच्या सुमारास परत दाखवा. डाग उतरला तर ठीक, नाहीतर तुकडा काढून तपासायला पाठवू."

बाईंनी चार दिवस मिश्री सोडली. पहिल्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी कढई पडली. तिसऱ्या दिवशी कढई पडली नाही, फेकली गेली. आमच्या भिंतीला तो पोचा अजून आहे. पाचव्या दिवशी पहाटे मोरीच्या कोपऱ्यात साहेबांनी त्यांना काळ्या बोटासकट पकडलं आणि म्हणाले, "बाई, मनावर घेतलं की सुटतं." साहेबही त्यांना बाईच म्हणतात.

पुढचं मला साहेबांनी दुकानात सांगितलं, आणि भिंत एकच असल्यामुळं मी ते आधीच ऐकलेलं होतं.

"तुम्ही कधी तंबाखूचं पान तरी चाटलंय का?" बाईंनी विचारलं होतं.

"नाही. कधीच नाही."

"तलफ म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"वाचलंय."

"सॅम्पल घेतल्याशिवाय शेरा नाही म्हणता ना? मग शेरा कशाला मारता?"

साहेब म्हणाले, "वाइंडिंग, मुद्दा बिनतोड आहे. म्हणून तुमच्याकडं आलो. आधी मला सांगा, तलफ म्हणजे नेमकं काय होतं?"

मी वीस वर्षं तंबाखू खातोय. पण कुणी असं समोर वही उघडून बसलं की जमत नाही. "म्हणजे साहेब... ती येते."

"कुठून येते?"

"कुठून म्हणजे... कुठूनही. आणि मग सुचत नाही."

साहेबांनी लिहिलं: 'जाणकारास व्याख्या करता येत नाही.'

मी हातावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळायला लागलो. साहेबांनी अंगठ्याखाली पट्टी सरकवली. ती निळी झाली आणि साहेबांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? अल्कली! तंबाखूच्या पानात निकोटिन आम्लाबरोबर बांधलेलं असतं. चुन्यानं ते मोकळं होतं आणि सरळ तुमच्या गालात शिरतं. तुम्ही तळहातावर हजारो वेळा ही रासायनिक प्रक्रिया केलीय, वाइंडिंग!" मला वाटायचं मी नुसता टाइमपास करतोय.

मग त्यांनी ती चिमूट घेतली. त्यानंतरचा अर्धा तास मी सांगत नाही. एवढंच सांगतो की दुकानासमोरचं कडुलिंबाचं झाड त्या दिवसापासून जरा पलीकडं झुकलंय. पुढं विडी झाली. तपकीर झाली, तपकिरीची पहिली शिंक इतकी जबर आली की रस्त्यावरच्या तीन मोटारसायकली लॉक असून हॉर्न वाजवायला लागल्या. मेडिकलमधलं निकोटिनचं च्युइंगम झालं. ते साहेबांनी सवयीप्रमाणे बत्तीस वेळा चावून गिळून टाकलं. उचकी दोन दिवस लागली. प्रत्येक वेळी ते घाम पुसत वहीत लिहायचे, 'मळमळ तीव्र. तलफ निरंक.' व्यसन लागेना. मला तर त्यांची कीव येऊ लागली. आमच्यातल्या प्रत्येकाला न मागता लागलं, आणि हा सज्जन माणूस दारोदार मागतोय तर मिळत नाही.

नाताळात त्यांचा दुबईचा पुतण्या आला. त्याच्या खिशात पेनासारखी एक नळी होती. तोंडाला लावली की धूर. जाळ नाही, राख नाही. बाटलीतलं पाणी भरायचं, बॅटरी ते तापवते. ई-सिगारेट. साहेबांनी काका म्हणून त्याला सरकारी बंदीवर पाऊण तास व्याख्यान दिलं, वस्तू काढून घेतली, आणि पुतण्याची पाठ वळताच तिचं सॅम्पल घ्यायला बसले. दोन बाटल्या होत्या. दोन्हींवर निकोटिन लिहिलेलं, पण जात वेगळी.

दुसऱ्या दिवशी गल्लीत आंब्याचा घमघमाट सुटला. ऐन डिसेंबरात! आमच्या मंडळींनी माझ्यावर आळ घेतला की मी हापूसची पेटी दुकानात लपवून एकटा खातोय. कोपऱ्यावरच्या म्हातारीनं तर आमरसासाठी पुऱ्या तळून ठेवल्या. वास साहेबांच्या नळीचा होता.

दुकानासमोर गफूरभाईंची पानटपरी आहे. साहेबांनी तिथल्या बाकावर बसून आम्हाला निकाल सांगितला. "एका बाटलीत मुक्त निकोटिन आहे. ते गळ्याला बोचतं, ठसका देतं. दुसऱ्या बाटलीत क्षाराच्या रूपातलं निकोटिन. सॉल्ट. ते अजिबात बोचत नाही. मऊ जातं."

गफूरभाई कान देऊन ऐकत होते. चार दिवसांनी टपरीवर मळलेल्या तंबाखूच्या पुड्या आल्या, 'इस्पेशल मऊ'. पहिल्या पुडीबरोबर माझ्या हिरड्या हिंदुस्थान सोडून निघाल्या. त्या आठवड्यात बेलापूरची पाण्याची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागली. साहेबांनी पुडीचं सॅम्पल जिभेला लावलं आणि उभेच राहिले.

"गफूरभाई, ह्यात मीठ घातलंत?"

"तुमीच म्हनले ना साब! खारातलं निकोटिन लई मऊ जातं."

"खार नव्हे हो, क्षार! रसायनातली सगळी मिठं मिठागरात पिकत नाहीत."

"खार म्हंजे मीठच की. आमच्या अम्मीपासून हाय."

चौतीस वर्षांची केमिस्ट्री गफूरभाईंच्या अम्मीपुढं उताणी पडली होती. समोरच्या गोठ्याकडं साहेबांनी एकदा पाहिलं आणि मग जे सांगितलं ते बेलापूर अजून विसरलेलं नाही.

"असं समजा, गफूरभाई. निकोटिन म्हणजे बैल. एक मोकाट आणि एक दावणीचा. मोकाट बैल अंगावर येताना हंबरतो, धूळ उडवतो, दारातच शिंग मारतो. माणूस बाजूला होतो. म्हणून मोकाट थोडंच ओढलं जातं. दावणीचा बैल आम्लाच्या दाव्याला बांधलेला. गरीब दिसतो, आवाज नाही. माणूस बेसावध जवळ जातो, पुन्हा जातो, पुन्हा जातो. ठसका नाही म्हणून कळतच नाही किती झालं. आणि डोक्यात मात्र हा आधी पोचतो."

"म्हंजे दावनीचा वाईट?" गफूरभाईंनी विचारलं.

"बैल एकच आहे. लाथही एकच. फक्त एकाची आधी कळते."

झालं! गावाला दोन शब्द मिळाले. माणसांची वाटणी सुरू झाली. मी मोकाट, आमची मंडळी दावणीची. तलाठी दावणीचा. माझी सासू मोकाट, आणि तिला हे कळलं तेव्हा तिनं ते सिद्धही केलं.

वही मी पाहायचो. डाव्या पानावर मोकाट, उजव्या पानावर दावणीचं. घसा, नाडी, डोकं, हाताचा कंप. कंप तपासायला साहेब रोज एक सरळ रेघ हातानं मारायचे. आठ दिवसांत तुलना पूर्ण झाली. खाली दोन रेघा मारून साहेबांनी सही केली. आता हे प्रकरण संपलं असं मला वाटलं.

पण आंब्याचा वास काही जाईना.

जानेवारी सरत आला. साहेबांच्या सदऱ्याची इस्त्री मोडायला लागली. सॅम्पल न घेता शेरे मारायला लागले. टपरीवर एकानं सहज "काय साहेब, बरंय ना?" विचारलं, तर "तुम्हाला काय करायचंय?" म्हणून अंगावर गेले. बोलताना त्यांचा हात दर दोन मिनिटांनी खिशाकडं जायचा, खिसा चाचपायचा आणि परत यायचा. ती हालचाल मी ओळखली. माझा हात वीस वर्षं तेच करतोय.

एका सकाळी ते दुकानात आले. नळी, बाटल्या आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. "हे तुमच्याकडं ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका."

"झालं का साहेब शेवटी?"

"झालं. बावीस दिवस दावणीचं ओढलं. काल दिवसभर बंद ठेवून पाहिलं. वाइंडिंग, ती येते." त्यांनी कपाळ चोळलं. "कुठून येते ते सांगता येत नाही. तुमची व्याख्या बरोबर होती."

मला हसू यायला हवं होतं. पण एक गोष्ट टोचत होती. "साहेब, तुमची तपासणी तर आठ दिवसांत संपली होती. सही झाली होती. मग पुढं कशाला ओढत बसलात?"

साहेबांनी नळी बोटानं माझ्याकडं आणखी सरकवली. "तुलना संपली होती. पण मोकाट माणसानं उभं राहून दावणीतल्याला 'चल, सूट' म्हणायचं, हे मला बरं दिसेना. ती एकटी कशी सुटणार? म्हटलं, शेजारी बांधून घ्यावं. मग दोघांनी बरोबर जोर लावता येईल."

ते गेले. मी वही उघडली. अगदी पहिल्या पानावर, दिवाळीनंतरच्या तारखेला, लिहिलं होतं: 'प्राथमिक शेरा: मनावर घेतल्यास सुटते.' त्यावर लाल पेनानं आडवी रेघ. रेघ चांगलीच वाकडी आली होती. खाली त्याच थरथरत्या अक्षरात: 'सॅम्पलाविना मारलेला शेरा. रद्द. बाईंची माफी मागणे.'

मागितली का, ते मी विचारलं नाही. भिंत एकच असली तरी त्या दिवशी पलीकडून काही ऐकू आलं नाही. फक्त दुपारी बाई आमच्या दारात आल्या. मी उभा राहिलो. चौथीतला मुलगा अजून गेलेला नाही. त्यांनी एक पितळी डबी माझ्या हातात दिली. आईची, झाकणावर वेल कोरलेली.

"त्यांचं ज्या ठिकाणी ठेवलंस, तिथंच ही ठेव. आणि दोघांपैकी कुणी मागायला आलं तर कान धर."

साहेब त्या दिवसात तीनदा आले. एकदा वहीत तारीख तपासायला, एकदा बॅटरी बंद केलीय का ते पाहायला, एकदा नुसतेच. बाई एकदा आल्या, डबीचं झाकण घट्ट आहे का विचारायला. शेवटी मीच घाबरलो. डबी माझ्या मंडळींच्या ताब्यात दिली, आणि नळीचं काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात मी पुणतांब्याच्या एका शेतकऱ्याची मोटार भरत होतो. त्याच्या विहिरीच्या पाण्याला हल्ली आंब्याचा वास येतो, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

पुढचे दोन महिने त्या घरात महाभारत झालं. एकदा साहेबांनी कढई फेकली. भिंतीला आता दोन पोचे आहेत, शेजारी शेजारी. बाई एकदा घसरल्या, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून मी तो दिवस वहीत 'सॅम्पल खराब' म्हणून लिहिला आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. दोघांचंही. साहेब घसरले नव्हते, तरी त्यांचंही पहिल्यापासून.

पाडव्यानंतर दोघं नगरला जाऊन आले. डाग निम्म्यावर आलाय. तुकडा काढायची गरज नाही, तीन महिन्यांनी परत दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. साहेबांनी तिथंच डॉक्टरांच्या जिभेखाली पट्टी धरली होती म्हणे. बाईंनी त्यांना ओढत बाहेर काढलं.

माझं काय विचारता? माझं सॅम्पल अजून चालू आहे.

पण मी एक करतो. सकाळी सहाला, बाईंच्या मिश्रीची जी वेळ होती त्या वेळी, दोघं ओट्यावर येऊन बसतात. मधे बडीशेपेची वाटी. ती उठेपर्यंत मी माझी तंबाखूची पिशवी बाहेर काढत नाही, खिशातच दाबून धरतो. परवा अंगण झाडता झाडता मी पाहिलं, साहेबांचा हात खिशाकडं गेला, रिकामा खिसा चाचपून मांडीवर आला.

"आली का?" बाईंनी समोर बघतच विचारलं.

"आली."

"बसा. मी आहे. जाते पाच मिनिटांत."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि दोघांच्या मधे, बडीशेपेच्या वाटीजवळ ठेवलं.